आधी कोणाला पाहावे?

रुग्णालयाच्या अपघात विभागात बाकावर बसून घड्याळाकडे पाहत राहण्याची वेळ आपल्यापैकी बहुतेकांवर एकदा तरी आलेली असते. केसपेपर काढून झालेला असतो, आपल्या माणसाचा हात आपल्या हातात असतो आणि मागून आलेल्या कोणाला तरी परिचारिका आधी आत नेते. अशा वेळी संताप येणे स्वाभाविक आहे. तरीही सांगोल्यात पंचवीस वर्षांहून अधिक काळ दवाखाना चालवून, आणि असंख्य रुग्णांना पुढे पंढरपूर-सोलापूरला पाठवून, मी आपणास एवढे सांगू इच्छितो, की मागून आलेला पुढे जाणे हे पुष्कळदा रुग्णालय नीट चालल्याचे लक्षण असते.

रांगेचा संस्कार आपल्या भागावर पंढरपूरने केला आहे. दर्शनबारीत जो आधी उभा राहिला तो आधी विठ्ठलाच्या पायांशी पोहोचतो आणि ते योग्यच आहे. अपघात विभागात मात्र हाच न्याय एखाद्याचा जीव घेऊ शकतो. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यचिकित्सक लारे याने जखमींना हुद्द्यानुसार न तपासता जखमेच्या गांभीर्यानुसार तपासण्याचा दंडक घालून दिला. तेच तत्त्व आज ‘ट्रायाज’ या नावाने जगभर पाळले जाते. आलेल्या प्रत्येकाची नाडी, श्वास, रक्तदाब आणि शुद्ध दारातच पाहायची. लाल म्हणजे तत्काळ, पिवळा म्हणजे लवकर आणि हिरवा म्हणजे थांबू शकेल असा, ही वर्गवारी तेथेच करायची.

हे किती मोलाचे आहे ते मी एका रात्री पाहिले. एका नातेवाइकासाठी शहरातल्या एका रुग्णालयात थांबलो होतो. हात मोडलेला एक तरुण वेदनेने ओरडत होता. त्याच्यासोबतचे आठ-दहा जण डॉक्टरांना घेरून उभे होते. कोपऱ्यातील बाकावर एक वयस्क बाई पदराने घाम पुशीत निमूट बसल्या होत्या. मुलगा केसपेपरच्या रांगेत होता. फेरी मारणाऱ्या परिचारिकेने त्यांच्या कपाळाला हात लावला, मधुमेह आहे का एवढेच विचारले आणि त्यांना थेट ईसीजीसाठी नेले. हृदयविकाराचा झटका होता. दीर्घकाळच्या मधुमेहात छातीत दुखल्याशिवायही तो येतो. ओरडणाऱ्याची वेदना खरीच होती, पण जो ओरडू शकतो त्याचा श्वास निदान चालू असतो. खरी भीती गप्प झालेल्या रुग्णाची असते.

म्हणून संशयित हृदयविकारात रुग्ण आल्यापासून १० मिनिटांत ईसीजी व्हावा, असा सर्वमान्य संकेत आहे. केसपेपर, अनामत रक्कम, पोलिसांची नोंद हे सारे नंतर. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात हेच बजावले: अपघातग्रस्ताचा जीव आधी वाचवा, कायदेशीर सोपस्कार मागाहून करा, आणि हे बंधन सरकारी व खासगी दोन्ही डॉक्टरांवर आहे.

किरकोळ जखमा, ताप, टाके यांच्यासाठी वेगळा डॉक्टर आणि वेगळी खोली ठेवल्यानेही प्रतीक्षा घटते. पंढरपुरात पदस्पर्शदर्शनाची बारी वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी. ज्याचे काम थोडक्यात होणार आहे त्याने मोठ्या रांगेत का तिष्ठावे?

पण दारातली व्यवस्था कितीही चोख असली तरी गर्दीचे एक मोठे कारण वरच्या मजल्यावर असते. भरती करायचे ठरलेला रुग्ण वॉर्डात खाट मिळेपर्यंत खालीच अडकून पडतो आणि नव्याने येणाऱ्याला जागा उरत नाही. इंग्लंडमध्ये अपघात विभागातून चार तासांत रुग्णाला मोकळे करण्याचे उद्दिष्ट ठरलेले आहे. तेही गेली अनेक वर्षे गाठता आलेले नाही आणि खाटांची टंचाई हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. आपल्याकडे यात आणखी एक भर पडते. डिस्चार्ज लिहून झाल्यावर ‘आज अमावास्या आहे, उद्या नेतो’ असे म्हणणारी कुटुंबे मी पुष्कळ पाहिली आहेत. श्रद्धेचा मान राखूनच मी त्यांना विनवतो: आपण सकाळी सोडलेली खाट दुपारी कोणाचा तरी प्राण वाचवू शकते. रुग्णालयांनीही बिल आणि डिस्चार्ज कार्ड आदल्या दिवशीच तयार ठेवावे.

उरलेला वेळ आपल्या घरी वाचतो. सांगोल्याहून पंढरपूर सुमारे ३० किलोमीटर, सोलापूर ८० किलोमीटरच्या पुढे. एवढा रस्ता कापायचा असताना घरात घालवलेला अर्धा तास कोणतेही रुग्णालय परत देऊ शकत नाही. छातीत दडपण, एका बाजूची शक्ती जाणे, तोंड वाकडे होणे, धाप, बेशुद्धी किंवा सर्पदंश असेल, तर माझ्या दवाखान्याचे दार उघडण्याची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. ही सेवा राज्यात २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झाली. पक्षाघातात गुठळी विरघळवणारे औषध साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, म्हणून रुग्ण शेवटचा ठणठणीत कधी दिसला होता ती वेळ लिहून ठेवा. साप चावल्याची वेळही टिपा. मांत्रिकाकडे वळू नका, दंशाच्या वर आवळून बांधू नका. डाळिंबावर फवारणी करताना विषबाधा झाली, तर औषधाची बाटली किंवा तिचे लेबल सोबत आणा, म्हणजे उताऱ्याचा विचार लगेच सुरू होतो.

घरातल्या प्रत्येक वडीलधाऱ्याच्या चालू गोळ्यांची यादी आणि जुना ईसीजी एका पिशवीत दाराजवळ असू द्या. सोबत माहिती सांगू शकेल असा एकच माणूस आत यावा. तीन दिवसांचा ताप किंवा महिन्याची पाठदुखी असेल, तर मध्यरात्री मोठ्या रुग्णालयात जाण्यापेक्षा दिवसा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवावे.

आणि एवढे करूनही बाकावर बसावे लागले, तर नजर घड्याळाकडे न ठेवता आपल्या माणसाकडे ठेवा. त्याला गार घाम आला, श्वास वाढला, बोलणे तुटक झाले किंवा तो गुंगू लागला, तर नंबराची वाट न पाहता परिचारिकेजवळ जा आणि सांगा, ‘सिस्टर, मघापेक्षा फरक पडलाय.’ आवाज चढवण्याची गरज नाही. रुग्णाला पुन्हा तपासून पाहायला एवढे वाक्य पुरते.