दादा, तू बदललं होतंस ना?

दर शनिवारी सकाळी चिन्मयचा फोन येतो. चिन्मय म्हणजे माझा मामेभाऊ. कोल्हापूरचा, वय वर्षं तेवीस. सप्टेंबर २०२५ मध्ये कॅनडात शिकायला आला. मी मिसिसागात आणि तो उत्तर ओंटारियोतल्या एका लहानशा गावात, टोरंटोपासून बसने सात-आठ तास. त्यामुळे भेट दुर्मीळ, फोन मात्र ठरलेला. विषयही ठरलेले. तिकडे बर्फ किती, कुकरची शिट्टी का होत नाही, मामी काय म्हणाली.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी मात्र त्याने एकदम विचारलं, "दादा, तू कॉलेज बदललं होतंस ना? काय करावं लागतं?"

मी पोह्यांसाठी कांदा चिरत होतो. फोन स्पीकरवर. म्हटलं, "काही नाही रे. इमिग्रेशनच्या साइटवर आपलं अकाउंट असतं ना, तिथे जायचं, नव्या कॉलेजचा नंबर टाकायचा, झालं. दहा मिनिटांचं काम."

आणि मी कांदा परतायला घेतला.

आता मी हे इतक्या ठामपणे का सांगितलं, तर मी स्वतः ते केलं होतं. मी २०२१ मध्ये इथे आलो ते एका छोट्या गावातल्या कॉलेजात. कोर्स बरा होता, पण पार्ट टाइम काम मिळेना, आणि इंजिनिअरिंगचे दोन मित्र टोरंटोजवळ राहत होते. मे २०२२ मध्ये मी त्यांच्या जवळचं कॉलेज धरलं. तेव्हा स्टडी परमिट एका कॉलेजला बांधलेलं नसायचं. सरकारमान्य यादीतलं कुठलंही कॉलेज चालायचं, फक्त बदललं की ऑनलाइन कळवायचं. परवानगी मागायची नाही, नुसतं कळवायचं. या यादीतल्या प्रत्येक कॉलेजला एक नंबर असतो आणि तो इंग्रजी 'ओ' अक्षराने सुरू होतो. मी तिथे शून्य टाकला आणि पाच मिनिटं साइटला शिव्या दिल्या. माझ्या कॉलेजबदलाची सगळी कथा एवढीच. :-)

चिन्मयचं कारण माझ्यापेक्षा कितीतरी गंभीर होतं. त्याचा कोर्स बिझनेस मॅनेजमेंटचा, पदवीनंतरचं सर्टिफिकेट. पुण्यातल्या एका कन्सल्टंटने गळ्यात मारलेला. "कोर्स झाला की वर्क परमिट मिळतंच," असं तिथे सांगितलं होतं. पण १ नोव्हेंबर २०२४ पासून ज्यांनी स्टडी परमिटसाठी अर्ज केला, त्यांच्यासाठी नियम बदलला. बॅचलर्स, मास्टर्स, पीएचडीवाल्यांना विषयाची अट नाही. कॉलेजच्या डिप्लोमा-सर्टिफिकेटवाल्यांना मात्र ठरावीक विषयांतलाच कोर्स हवा : आरोग्य, विज्ञान-तंत्रज्ञान, कुशल कारागिरीचे ट्रेड वगैरे. बिझनेस मॅनेजमेंट त्या यादीत नाही. हे चिन्मयला कळलं वर्गातल्या एका केरळी मुलाकडून, ऑक्टोबरमध्ये, पहिल्या टर्मची फी भरून झाल्यावर. म्हणजे कोर्स संपला की काम करायची मुभा नाही, आणि मामाने घर तारण ठेवून काढलेलं कर्ज फेडायचं ते कशातून?

त्याच्या कॉलेजात आयटीचा कोर्स होता. त्याच कॉलेजात कोर्स बदलला असता तर परमिटला हातही लावावा लागला नसता. पण तिथे जानेवारीची सीट नव्हती. दुसऱ्या शहरातल्या कॉलेजात होती. म्हणून हा फोन.

मंगळवारी ऑफिसात जेवताना मी हे सहज बोललो. बोललो म्हणजे, फुशारकीच मारली थोडी. भाऊ विचारतो, आपण मार्ग दाखवतो वगैरे. समोर एक पंजाबी मित्र होता. तो डब्यातून मान वर न करता म्हणाला, "भाई, वो तो दो हजार चौबीस में ही बंद हो गया."

मी जागेवर जाऊन सरकारी पान उघडलं. बंदच झालं होतं. ८ नोव्हेंबर २०२४ पासून. आता स्टडी परमिट त्या एका कॉलेजचं. कॉलेज बदलायचं तर आधी नव्या परमिटसाठी अर्ज. अर्जाची फी दीडशे डॉलर, पण खरा जाच तो नाही. नव्या कॉलेजचं प्रवेशपत्र हवं. प्रांताचं पत्र हवं, कारण २०२४ च्या जानेवारीत संख्येवर मर्यादा आली तेव्हापासून प्रत्येक प्रांताला कोटा आहे आणि कॉलेज बदलणारासुद्धा त्यात मोजला जातो. आणि पैसे पुन्हा दाखवायचे, फी सोडून वर्षाच्या राहण्याखाण्याचे. हा आकडा पूर्वी दहा हजार डॉलर होता, जानेवारी २०२४ मध्ये २०,६३५ झाला आणि सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५. रुपयांत चौदा-पंधरा लाख.

जुन्याच परमिटवर नव्या कॉलेजात जाऊन बसलात तर तो अटींचा भंग. मग नवं परमिट मिळायला सहा महिने थांबावं लागू शकतं, आणि तेवढ्यात आठवड्याला चोवीस तास काम करायची जी मुभा असते तीही जाते.

माझ्या डोक्यात २०२२ ची कॅश होती आणि मी ती कधी क्लिअरच केली नव्हती. दिवसभर लोकांच्या कोडमध्ये हार्डकोड केलेल्या व्हॅल्यू शोधून कॉमेंट टाकणारा मी.

बाहेर पार्किंगमध्ये जाऊन चिन्मयला फोन लावला. दोनदा उचलला नाही, लेक्चर होतं. तिसऱ्यांदा उचलला.

"काय काय केलंस?"

"नव्या कॉलेजला हो म्हटलं. पंधराशे डॉलर डिपॉझिट भरलं. इथला विड्रॉवलचा फॉर्म भरून ठेवलाय, उद्या देणार. का रे?"

उद्या. म्हणजे मी बुधवारी ऑफिसात जेवताना फुशारकी मारली असती तर?

"तो फॉर्म देऊ नको," म्हटलं. "मी चुकीचं सांगितलं तुला."

तिकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाला, "पण दादा, तू बदललं होतंस ना?"

असो.

हा नियम का आला हे मला कळतं. २०२३ च्या अखेरीस कॅनडात स्टडी परमिटवाले दहा लाखांवर गेले होते. एका चांगल्या कॉलेजच्या प्रवेशावर यायचं आणि उतरल्यावर स्वस्तातल्या, नावापुरत्या कॉलेजात सरकायचं, हे सर्रास चाललं होतं, आणि दोन्हीकडचं कमिशन खाणारे एजंट होते. सरकारला, मुलगा नक्की शिकतोय कुठे, हे माहीत हवं असेल तर त्यात गैर काही नाही. माझी तक्रार वेगळी आहे. अमेरिकेत माझी एक मैत्रीण आहे, तिने युनिव्हर्सिटी बदलली तेव्हा जुन्या युनिव्हर्सिटीने तिचा रेकॉर्ड सिस्टीममधून नव्या युनिव्हर्सिटीकडे पाठवला. तिथेही कटकटी आहेतच, पण निदान दोन संस्था आपसात बोलतात. इथे सगळं ओझं त्या तेवीस वर्षांच्या पोरावर. नियम झाला पळवाटा शोधणाऱ्यांसाठी आणि त्यात सापडला चुकीच्या कोर्समधून योग्य कोर्समध्ये जाऊ पाहणारा. ज्या कन्सल्टंटने त्याला मुळात चुकीच्या कोर्सला बसवलं त्याला कोण विचारणार?

(हो, चुकीची माहिती देणाऱ्यांच्या यादीत आता मीही आहे. मी कमिशन घेतलं नाही एवढंच.)

त्या रात्री आम्ही दोन वाजेपर्यंत स्प्रेडशीट करत बसलो. जानेवारीची सीट सोडून मे महिन्याची मागायची. तोवर जुन्या कॉलेजातच राहायचं, दुसऱ्या टर्मची फी भरायची, हजेरी सांभाळायची. म्हणजे उपयोग नसलेल्या विषयांसाठी काही लाख. आणि पैसे दाखवायचे कुठून? येताना जीआयसीत टाकलेले दर महिन्याला सुटून घरभाड्यात जात होते. मी म्हटलं, कमी पडतील ते मी घालतो.

पण मामाला सांगणं भाग होतं. फोन मीच केला. सगळं सांगितलं, माझी चूकही. मामा बँकेत क्लार्क होते, आकड्यांना घाबरत नाहीत. शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "एफडी मोडतो. तुझे पैसे नकोत." मी म्हटलं, मामा, पण चूक माझी आहे. तर म्हणाले, "अरे, तू आहेस तिथे म्हणून तर पाठवला त्याला."

ते चिडून बोलले असते तर बरं झालं असतं.

कॉलेजने मे महिन्याची सीट दिली, डिपॉझिट तसंच पुढे धरलं. प्रांताचं पत्र यायला वेळ लागला, पण आलं. जानेवारी २०२६ मध्ये अर्ज गेला. पाठवण्याआधी प्रत्येक कागद मी तीनदा वाचला, आणि प्रत्येक अट माझ्या आठवणीतून नाही, त्या दिवशीच्या सरकारी पानावरून तपासली. कॉलेजचा नंबर चिन्मयने टाकला. "दादा, हे शून्य आहे का ओ?" म्हटलं, ओ. मग तेही पानावर बघून घेतलं.

परवाच्या शनिवारी नेहमीप्रमाणे फोन आला. अकाउंटमध्ये अजून 'इन प्रोग्रेस'च दिसतंय. बाहेर उणे बावीस आहे आणि मार्केटिंगचं प्रेझेंटेशन सोमवारी आहे, ज्या कोर्समधून त्याला बाहेर पडायचंय त्याचं. स्लाइड्स बघून देशील का म्हणाला. म्हटलं, पाठव.