ना-हरकतीची सही

आमच्या मालवण तालुक्यात बंदूक म्हटली की लोकांना आधी माकडे आणि रानडुकरे आठवतात. भात पिकायला आले की रात्री डुकरे उतरतात आणि काजू-आंब्याच्या दिवसांत माकडांच्या टोळ्या येतात. वर्षाची मेहनत दोन रात्रींत मातीत जाते. म्हणून इथे अनेक शेतकरी घरांत शेती संरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक असते. 1959 च्या शस्त्र कायद्यातच पीक संरक्षणासाठी अशा बंदुकीची वेगळी तरतूद आहे. आमच्या मरहूम अब्बांकडेही एक होती. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे रानडुकरावरसुद्धा परवानगीशिवाय गोळी झाडता येत नाही. त्यामुळे अब्बा फक्त हवेत बार काढायचे, आवाजाने कळप पळून जायचा.

निवडणुका आल्या की या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायला लावतात. 2024 साली लोकसभेची आचारसंहिता 16 मार्चला लागली, म्हणजे ऐन काजूच्या हंगामात, आणि विधानसभेची 15 ऑक्टोबरला, म्हणजे ऐन भातकापणीत. शेतकऱ्याने कुरकुर केली तर त्याला दोष देता येत नाही. बंदुकांवर कडक नियम हवेत असे शहरात बसून म्हणणे सोपे आहे. मी स्वतः शेतकऱ्याची मुलगी आहे, मला दोन्ही बाजू समजतात.

अब्बांचा इंतकाल झाल्यावर बंदूक ठाण्यात जमा झाली. शेती सांभाळणाऱ्या धाकट्या भावाला आता ती वारसाहक्काने आपल्या नावावर करून घ्यायची होती. त्यासाठी बाकीच्या वारसांचे ना-हरकत प्रतिज्ञापत्र लागते. अम्मीने दिले. माझा कागद घेऊन भाऊ आला आणि म्हणाला, "आपा, वकिलाने सगळं लिहिलंय, तू फक्त सही कर."

मी त्याच्याकडून आठ दिवस मागून घेतले. त्याला वाईट वाटले. "आपा, मला काय मवाली समजतेस?" तो मवाली नाही. कष्टाळू आहे, नमाजी आहे. पण त्या कागदावरच्या "फक्त सही" या शब्दांनी मला न्यूझीलंडची आठवण झाली.

15 मार्च 2019, शुक्रवार. क्राइस्टचर्च शहरातल्या दोन मशिदींत जुम्याच्या नमाजसाठी जमलेल्या लोकांवर एका वंशद्वेष्ट्याने गोळ्या झाडल्या. 51 जण शहीद झाले, त्यांत आपल्या देशातून गेलेलेही होते. त्या माणसाच्या बंदुका चोरीच्या नव्हत्या. त्याच्याकडे रीतसर परवाना होता. पुढे नेमलेल्या शाही चौकशी आयोगाचा अहवाल 2020 मध्ये आला. त्यात परवाना देताना काय घडले ते नोंदवले आहे. अर्जदार योग्य माणूस आहे, असे सांगायला त्याला चांगले ओळखणारी माणसे हवी होती. प्रत्यक्षात पोलिसांनी ज्यांना विचारले ते होते ऑनलाइन खेळातून ओळख झालेला एक मित्र आणि त्या मित्राचे पालक. त्याच्या मनात काय शिजते आहे, हे कळण्याइतकी जवळीक त्यांची नव्हती. कागद मात्र पूर्ण झाला.

त्या देशाने नंतर जे केले तेही शिकण्यासारखे आहे. सहा दिवसांत पंतप्रधान जॅसिंडा आर्डर्न यांनी लष्करी धाटणीच्या बंदुकांवर बंदी जाहीर केली. 10 एप्रिलला संसदेने कायदा 119 विरुद्ध 1 मतांनी मंजूर केला. सरकारने पैसे देऊन पन्नास हजारांहून अधिक बंदुका परत घेतल्या. तिथेही शेतकरी आहेत, त्यांनाही पिके राखायची असतात. म्हणून शेतात वापरल्या जाणाऱ्या साध्या, कमी गोळ्यांच्या बंदुका बंदीतून वगळल्या. शेतकऱ्याची गरज आणि माणसे मारण्याचे साधन यांत फरक करता येतो, हे त्या कायद्याने दाखवले.

आपल्याकडे असे घडत नाही, असे म्हणून आपण मोकळे होतो. पण 8 फेब्रुवारी 2024 ला मुंबईत माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची हत्या झाली, तेव्हा मारेकऱ्याने वापरलेले पिस्तूल त्याचे नव्हते, त्याच्या अंगरक्षकाचे होते. डिसेंबर 2024 मध्ये सरपंच संतोष देशमुख यांच्या हत्येनंतर बीड जिल्ह्यातल्या शस्त्र परवान्यांची चर्चा सुरू झाली. बंदूक मिरवणाऱ्यांचे, हवेत गोळीबार करणाऱ्यांचे व्हिडिओ बाहेर आले आणि अनेक परवाने रद्द करावे लागले. लग्नात, मिरवणुकीत हवेत गोळ्या झाडणे हा 2019 च्या दुरुस्तीपासून गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

काही वाचक म्हणतील, 31 जुलै 2023 ला जयपूर-मुंबई एक्सप्रेसमध्ये आपल्या तीन निरपराध माणसांचा जीव गेला तो सरकारी बंदुकीने, तिथे परवान्याचा काय संबंध? तो खटला न्यायालयात आहे. आरोपी रेल्वे सुरक्षा दलाचा जवान, आणि त्याच घटनेत त्याचा वरिष्ठ अधिकारीही मारला गेला. तिथे परवाना नव्हता हे खरे. तरी शस्त्र कोणाच्या हातात आहे आणि त्या हातावर लक्ष कोण ठेवते, हा प्रश्न तिथेही येतोच. तो सरकारला विचारायचा तर आपल्या घरातही विचारायला हवा.

आपल्या दीनमध्ये हा विचार नवा नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे की, बाण घेऊन मशिदीतून किंवा बाजारातून जाणाऱ्याने त्यांची टोके हातात धरावीत, कोणाला इजा होऊ नये. बाण बाळगायला मनाई केली नाही, पण दुसऱ्याच्या सुरक्षेची जबाबदारी बाण बाळगणाऱ्यावर टाकली. आणखी एका हदीसमध्ये आपल्या भावाकडे शस्त्र रोखण्याची मनाई आहे, मग तो सख्खा भाऊ का असेना. गमतीलाही त्यात जागा नाही. वर्गातली मुले खेळण्यातले पिस्तूल एकमेकांच्या कानशिलाला लावून रील काढतात, तेव्हा मी त्यांना हीच हदीस सांगते. आणि सूरह अन-निसामध्ये ताकीद आहे की साक्ष न्यायाची द्या, ती नातलगांच्या विरुद्ध गेली तरी.

ना-हरकतीची सही हीसुद्धा एक शहादतच आहे. हा माणूस बंदूक नीट सांभाळेल, आमची हरकत नाही, असे आपण लिहून देतो. पोलीस अहवाल देतात, 2016 च्या नियमांप्रमाणे वैद्यकीय दाखला आणि प्रशिक्षणाचा दाखला लागतो. पण माणसाचा राग, रात्रीची सवय, घरातले वाद हे घरच्यांनाच माहीत असतात.

त्या आठ दिवसांत मी भाभीशी बोलले. तिला आधी कोणी विचारलेच नव्हते. ती म्हणाली, "मला बंदुकीची भीती नाही, अंधाराची आहे. डुकरांचा आवाज आला की हे एकटेच उठून जातात." तिची भीती खोटी नाही. कोकणात सावज समजून सोबत्यालाच गोळी लागल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. तिची दुसरी काळजी सतरा वर्षांच्या मुलाची होती. बापाची बंदूक मित्रांना दाखवायची त्याला फार हौस.

मग आम्ही तिघांनी बसून ठरवले. बंदूक एका कुलपात, दारू आणि केपा दुसऱ्या कुलपात, आणि दुसरी चावी भाभीकडे. रात्री बॅटरी लावून, हाक दिल्याशिवाय बार काढायचा नाही. शेजारी मागायला आला तरी बंदूक द्यायची नाही. मुलाने हात लावायचा नाही, फोटोपुरतासुद्धा नाही. भाऊ आधी हसला, मग भाभीकडे पाहून गप्प झाला आणि चावी देतो म्हणाला. त्यानंतर मी सही केली. परवान्याची मुदत पाच वर्षांची असते. नूतनीकरणाच्या वेळी याच गोष्टी पुन्हा विचारीन, हेही त्याला सांगून ठेवले आहे.

कायदा कडक हवाच. पण आपल्या कित्येक घरांत असे कागद बायकांपुढे, म्हाताऱ्या आयांपुढे "फक्त सही कर" म्हणून येतात. बहिणींनो, अशा कागदावर सही करण्याआधी घरातल्या बाईला विचारा, मुलांचे वय आठवा, कुलूप कुठे आहे ते डोळ्यांनी पाहा. मन मानत नसेल तर सही करू नका, भाऊ चार दिवस रुसला तरी चालेल. अल्लाह आपल्या सर्वांच्या घरांची हिफाजत करो.