वीस मीटर तार

आमच्या नगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या घरावर अँटेनाचा पाइप नाही असा काळ मला आठवत नाही. आधी त्यावर होता दूरदर्शनचा अँटेना. सिंहगडावरच्या प्रक्षेपकाकडे तोंड करून बसवलेला, बूस्टर लावलेला आणि वारा सुटला की मान फिरवणारा. केबल आली आणि पाइप रिकामा झाला. पुढे परीक्षा देऊन हॅम, म्हणजे हौशी, रेडिओचा परवाना मिळवला, तेव्हा तोच पाइप कामी आला.

सेट मी विकतच घेतला. अँटेनाला मात्र दुकान लागत नाही. १४३ला मेगाहर्ट्झमधल्या फ्रिक्वेन्सीने भागलं की डायपोलची लांबी मीटरमध्ये निघते. ७.१ मेगाहर्ट्झला साधारण २० मीटर. मधोमध कापून दहा-दहाचे दोन हात. तांब्याची तार मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात किलोवर मिळाली. टोकांना पीव्हीसी पाइपचे तुकडे, नायलॉनची दोरी, एक बाजू कडुनिंबाला. तारेवरचं वार्निश पात्याने खरवडल्याशिवाय सोल्डर बसत नाही. तार मुद्दाम वीतभर जास्त ठेवायची आणि अँटेना नीट जुळलाय का ते सांगणाऱ्या एसडब्ल्यूआर मीटरचा काटा खाली येईपर्यंत दोन्ही टोकं बोटबोट छाटत जायची. सात-आठ मीटर उंचीवरच्या अशा तारेतून लहर बरीचशी सरळ वर जाते आणि आयनोस्फियरवरून परतून तीन-चारशे किलोमीटरच्या परिसरात उतरते. सकाळी नाशिक, नांदेड, कोल्हापूरची मंडळी शेजारच्या गल्लीत असल्यासारखी बोलतात.

पुढे विकतचा उभा अँटेनाही आला. तो जागा कमी खातो, अनेक बँडांवर चालतो आणि दूरदेशीची स्टेशनं माझ्या बुटक्या डायपोलपेक्षा बरी देतो. पण इथल्या उन्हाने त्याचं प्लास्टिक तडकलं, तेव्हा दुरुस्तीला हात कुठे घालायचा तेच कळेना. तार तुटली तर कुठे तुटली ते गच्चीवरून दिसतं.

कळसूबाईला, १६४६ मीटरवर, बारीच्या वाटेने लोखंडी शिड्या चढताना मी घरीच बनवलेला यागी, म्हणजे एका दिशेला रोखायचा अँटेना, नेतो. पीव्हीसी पाइप आणि सुताराच्या पोलादी टेपचे तुकडे, एवढंच सामान. पाती दुमडून सॅकला बांधता येतात. माथ्यावर पाच वॅटच्या हातसेटला तो जोडला की १४५ मेगाहर्ट्झवर मुंबई-पुण्याची माणसं सापडतात.

तयार मालाचं मला वावडं नाही. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनीही १९६५मध्ये कल्याणला रेडिओ दुर्बीण उभारली ती ऑस्ट्रेलियातून मिळालेल्या सहा फुटी ३२ तबकड्यांवर. पण आमच्या जिल्ह्याच्या हद्दीपलीकडे खोडद परिसरात त्यांनी पुढच्या दुर्बिणीसाठी ४५ मीटर व्यासाचे ३० अँटेना उभारले, ते इथेच आखून. भरीव पत्र्याऐवजी बारीक स्टील तारेची जाळी दोरखंडांवर ताणली. लांब लहरींना जाळीची भोकं जाणवत नाहीत, वारा आरपार जातो, वजन आणि खर्च दोन्ही उतरतात. आपल्याला कोणती लहर पकडायची आहे ते नेमकं ठाऊक असलं, तरच अशी काटकसर जमते.

म्हणून नव्याने परवाना घेणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: सेट खुशाल विकत घ्या, दुसरा अँटेनाही घ्या. पहिला मात्र स्वतः बांधा, म्हणजे दुसऱ्याचे पैसे मोजताना आपण नेमकं काय घेतोय ते कळेल.