काळा गोल

फॅलॉइडिनने रंगवलेली पेशी कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाखाली आली की नजर आधी कडेला जाते. अ‍ॅक्टिन या प्रथिनाचे ताणलेले जुडगे या टोकापासून त्या टोकापर्यंत लखलखत असतात आणि मधोमध, केंद्रकाच्या जागी, काळा गोल. नवखी असताना मी वहीत लिहिलं होतं, 'केंद्रकात अ‍ॅक्टिन नाही.' माझ्या मार्गदर्शक बाईंनी ती ओळ खोडून वर लिहिलं, 'फॅलॉइडिनने दिसलं नाही.' त्या दोन वाक्यांतलं अंतर कापायला मला बरीच वर्षं लागली.

फॅलॉइडिन हे डेथ कॅप या विषारी अळंबीतलं विष. अ‍ॅक्टिनचे मणी एकमेकांना जोडून माळ झाली, तरच ते तिला चिकटतं. सुट्या मण्यावर त्याची पकड बसत नाही. आणि केंद्रकातलं अ‍ॅक्टिन बहुतेक सुटंच असतं, किंवा अगदी आखूड तुकड्यांत. उष्णतेचा ताण बसला की केंद्रकात जाडजूड कांड्या तयार होतात, पण त्यांवर कोफिलिन हे दुसरं प्रथिन खेटून बसलेलं असल्यामुळे तिथेही फॅलॉइडिनला जागा उरत नाही.

मणी केंद्रकाच्या आत-बाहेर करतात तेही सोबत घेऊनच. आत जाताना कोफिलिनसह, इम्पोर्टिन-९ च्या आधाराने. बाहेर पडताना प्रोफिलिनसह, एक्स्पोर्टिन-६ च्या. झेनोपस बेडकाच्या अंडपेशीत हे एक्स्पोर्टिन-६ नसतं. मग अ‍ॅक्टिन आतच साठतं आणि त्याचं जाळं होतं. ते केंद्रक जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरचं, चिमट्याने सोलून काढता येतं. २०१३ मध्ये फेरिक आणि ब्रॅंगविन यांनी हे जाळं मोडून पाहिलं, तेव्हा आतल्या केंद्रिका खाली बसल्या आणि एकमेकींत मिसळून गेल्या. पेशीच्या पोटात गुरुत्वाकर्षणाचा विचार करावा लागतो, हे वाचून मी त्या संध्याकाळी दुसरं काहीच केलं नाही.

नेहमीच्या लहान पेशीत मात्र माळ क्षणभरच असते. उपाशी ठेवलेल्या पेशींना सीरम दिलं की केंद्रकातली फॉर्मिन प्रथिनं सुटे मणी ओवू लागतात. सुट्या मण्यांनी अडवून धरलेलं एमआरटीएफ हे प्रथिन त्यामुळे मोकळं होतं आणि एसआरएफ या दुसऱ्या प्रथिनाच्या जोडीने जनुकं चालू करतं. ग्रोसे यांच्या गटाने तेही २०१३ मध्येच दाखवलं.

हे पाहायला केंद्रकात जाणारी चमकती खूण लागते, आणि खरी कसोटी तिथेच आहे. सुरुवातीला मला आत जाड, ठसठशीत, तासभर टिकणारे तंतू मिळाले. प्रयोगशाळेत सगळ्यांना बोलावून मी ते दाखवले. पण ते खुणेनेच घडवले होते: खूण जास्त झाली की माळ सुटूच देत नाही. तेव्हापासून मी स्लाइडवरची सगळ्यात देखणी पेशी सोडून देते. सगळ्यात मंद पेशी शोधते, खूण नसलेली पेशी शेजारी ठेवते, आणि गेन वाढवायचा मोह झाला की हात मांडीवर ठेवते. विद्यार्थ्यांना हे आवडत नाही. त्यांना मुखपृष्ठावर शोभेल असं चित्र हवं असतं.

मागच्या पावसाळ्यात अशाच एका मंद पेशीत, सीरम घातल्यावर, काळ्या गोलात एक बारीक रेघ उमटली. जरा वळली. मागची पोरगी पुटपुटली, "बाई, लेझर वाढवू?" मी नको म्हटलं. पुढच्या दोन-तीन फ्रेममध्ये ती रेघ विरून गेली आणि आम्ही वहीत वेळ लिहिली.