तीन चाकं आणि तीन पायऱ्या

अब्बांचे पाय अजून धड आहेत, जातो तो तोल. लकव्यातून सावरल्यावर ते सावकाश चालतात, पण दोनचाकी सायकलवर बसवेना. ज्या माणसाने आयुष्यभर सायकलवरून बाजार केला, त्याने जुम्म्याला कुणीतरी स्कूटरवरून सोडील म्हणून वाट बघत बसायचं? म्हणून तीनचाकी सायकल घ्यायचं ठरलं. अब्बांचं पहिलं वाक्य, “वो अपंगां की गाडी मेरेकू नक्को.”

त्यांच्या डोळ्यांपुढे शिबिरात वाटतात ती, हाताने फिरवायची तीनचाकी होती. ज्यांच्या पायांत बळ नाही त्यांचा तो मोठा आधार, त्यात कमीपणा कसला? पण अब्बांची गरज निराळी होती. पाय चालतात तर पायडलचीच हवी; पायांची हालचालही राहते.

दुकानात त्यांनाच बसवून पाहिलं. मधली दांडी खाली वाकलेली हवी, म्हणजे पाय उंच उचलावा लागत नाही. सीट रुंद, पाठीला टेकू असलेली, आणि बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला टेकतील इतकी खाली. हँडल जवळ, म्हणजे पुढे वाकायला नको. साखळीवर पूर्ण झाकण, कारण अब्बा पायजमा घालतात. आणि उभी असताना चाकं जखडणारा ब्रेक. तो नसेल तर चढता-उतरताना गाडी सरकते. शेवटी मागच्या चाकांची रुंदी टेपने मोजली आणि घराच्या दाराशी ताडून पाहिली. सायकल रात्री रस्त्यावर राहणार असेल तर काय उपयोग?

तीन चाकं म्हणजे पडण्याची भीतीच नाही, असं मात्र नव्हे. दोनचाकी वळताना कलते, ही कलत नाही. जोरात वळलं तर आतलं चाक उचललं जातं. म्हणून वळण्याआधी वेग कमी करायचा आणि अंग वळणाच्या बाजूला झुकवायचं. रस्ता कडेला उतरता असेल तर गाडी तिकडे ओढते. अब्बांनी हे मोकळ्या मैदानात आठवडाभर घोटलं.

आता ते बाजारात एकटे जातात. अडतात ते मशिदीच्या तीन पायऱ्यांशी. आजाऱ्याला बसून नमाज पढण्याची सवलत दीनने दिली आहे, पण आत खुर्चीपर्यंत पोचायचं कसं? अंध सहाबी अब्दुल्लाह इब्न उम्म मक्तूम यांच्या निमित्ताने सूरह अबस उतरली. तेच मदिनेच्या मशिदीत अजान देत. त्यांचा मान आपण खुतब्यात ऐकतो, तो दारात दिसायला नको का?

हिशेब साधा आहे. उतार एकास बाराचा धरतात. सहा इंचांच्या तीन पायऱ्या म्हणजे दीड फूट उंची, त्याला अठरा फुटांचा उतार. सरळ जागा नसेल तर मध्ये सपाट टप्पा ठेवून वळवता येतो. दोन्ही बाजूंना कठडा हवा. नव्या गालिच्यांसाठी चंदा जमतो, त्यापेक्षा हा खर्च काही अवघड नाही.

सायकल आम्ही निवडली, उतार मोहल्ल्याने निवडायचा आहे. मशिदीच्या कमिटीपुढे अर्ज अब्बांनी स्वतःच्या हाताने लिहून दिलाय. खाली सह्या सतरा जणांच्या आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांचे गुडघे दुखतात.