जुन्या लुगड्याची पट्टी

अंबडला माझ्या माहेरी ट्रंकेच्या तळाशी जुन्या सुती लुगड्याची एक लांब पट्टी असे. घरातल्या तीन पिढ्यांच्या बाळंतिणींची पोटं तिनं बांधली. माझी पाळी आली तेव्हा आईनं तीच काढली. ओवा-बाळंतशोपांची धुरी, डिंकाचे लाडू, आणि न्हाऊन आले की हुकूम : "उभी राह्य. श्वास सोड." पट्टी अशी आवळली जाई, की खाल्लेला लाडू आता कुठं राहणार याचीच मला काळजी!

सव्वा महिन्यानं पट्टी सुटली. एक दिवस शिंक आली आणि साडी ओली झाली. मी घाबरून आईला सांगितलं. ती शेंगा फोडता फोडता म्हणाली, "व्हतंय की, माय. बाईच्या जातीला चालायचंच."

मग एकेक कोडं सुटू लागलं. कीर्तनाला आई नेहमी दाराशीच का बसते, जालन्याच्या एसटीत चढण्याआधी पाणी का पीत नाही, हसायची वेळ आली की पदर तोंडाला लावून उठून का जाते. आम्ही तिला गंभीर समजत होतो!

जालन्याच्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला समजावलं. पट्टी पोट पुढून धरते, पण बुडाचं काय? पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय तिच्याच आधारानं राहतात. नऊ महिन्यांच्या भारानं आणि बाळंतपणाच्या ताणानं ती सैल पडते. लघवी आणि वारा एकदम रोखल्यासारखे ते स्नायू आत, वर ओढायचे. पाच-सहा आकडे धरायचे, तितकेच सोडायचे. असं दहादा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. श्वास कोंडायचा नाही. पोटासाठी उताणं पडून, गुडघे दुमडून, श्वास सोडताना बेंबी हळूच पाठीकडे न्यायची. जोरदार कसरती इतक्यात नाहीत. पोटावर शस्त्रक्रिया झाली असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं.

अमेरिकेतल्या डॉ. अर्नॉल्ड केगल यांनी १९४८ साली या व्यायामावर लेख लिहिला. पण ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात मूळबंध आलाच आहे की! आई दर वर्षी पारायण करते. ते आकुंचन योग्यांना ठाऊक होतं; बाळंतिणीच्या खोलीत मात्र कुणी सांगितलं नाही.

आमच्या अंबड-घनसावंगीकडून ऊसतोडीला टोळ्या जातात. तिथल्या ओल्या बाळंतिणीला कुठला सव्वा महिना? डोक्यावर मोळी येते, आणि पुढं कधी "अंग बाहेर आलं" म्हणून ती दबक्या आवाजात सांगते, तेही शेजारणीला. तिला हा व्यायाम हवाच; पण त्याआधी विसावा हवा, आणि अंग बाहेर येत असेल तर डॉक्टर.

आईला सांगितलं तेव्हा ती लाजली, रागावली. "या वयात?" या वयातही गुण येतो म्हटल्यावर गप्प झाली. मग पाहते तो जपाची माळ घेऊन बसलेली. ओठ हलत नव्हते. मी विचारलं नाही. मध्ये मंठ्याच्या एका लग्नात फजिती झाली, तेव्हा चार दिवस माळ खुंटीला होती. पुन्हा उतरली.

गेल्या दिवाळीच्या बाजाराला आम्ही जालन्याला निघालो. स्टँडवर तिनं तांब्याभर पाणी घटाघटा प्यालं. मी बघतच राहिले.

"बघतीस काय?" ती म्हणाली. "चढ की."