वारसनोंद

नरसी नामदेव, ता. जि. हिंगोली
आषाढ वद्य एकादशी, शके १९४७

मित्रवर्य,



आपले पत्र आठ दिवसांपूर्वीच पोचले. परंतु परतवारीची गर्दी गावात शिरू लागली म्हणजे आमच्या घरातील लेखणी आपोआप बाजूस पडते, हे आपण जाणताच. पंढरीहून परतलेली मंडळी आज नामदेवरायांच्या जन्मस्थानी माथा टेकावयास आली आहेत, आणि हे लिहीत असता आमच्या ओसरीवर एका दिंडीतील चार म्हाताऱ्या भगर आणि शेंगदाण्याची आमटी खाऊन पाय लांब करून बसल्या आहेत. त्यांच्या टाचांच्या भेगांत आमच्या कयाधूकाठची काळी चिकण माती अशी बसली आहे की, ती धुवावी म्हणून सूनबाईने ठेवलेल्या बादलीकडे त्या पाहतसुद्धा नाहीत.

आपल्या पत्रातील एका वाक्याने मात्र मला स्वस्थ बसू दिले नाही. चार वर्षांपूर्वीच्या आपल्या पोटनिवडणुकीचा विषय काढून आपण लिहिता की, बापाच्या मागे पोरक्या झालेल्या उमेदवारास आपल्या तालुक्यांनी पाडले, ही निव्वळ कृतघ्नता होय. आपण मंगळवेढ्याचे, दामाजीपंतांनी दुष्काळात बादशाही कोठारे रयतेस खुली केली त्या गावचे, तेव्हा कृतज्ञतेविषयी आपला शब्द मी सहसा मोडणार नाही. तथापि या बाबतीत माझा अभिप्राय निराळा आहे, आणि तो माझ्या महसूल खात्यातील चाकरीतून आला आहे.

हकीकत आपणास ठाऊकच आहे, पण मला ती क्रमाने मांडल्यावाचून पुढे जाता येत नाही, जुनी खोड. २०१९ साली पंढरपूर-मंगळवेढ्यात ज्या दोघांची मुख्य झुंज झाली, त्या दोघांनाही महासाथीच्या काळाने चार महिन्यांच्या आत उचलले: ऑगस्ट २०२० मध्ये सुधाकरपंत परिचारक गेले, आणि २८ नोव्हेंबरला, मतदारसंघातून सलग तीनदा निवडून आलेले भारत भालके पुण्यात निवर्तले. जिंकलेला आणि हरलेला दोघेही नाहीत, आणि मागे राहिल्या त्या मतदारयाद्या, असा प्रसंग मी दुसरा पाहिलेला नाही. मग १७ एप्रिल २०२१ रोजी मतदान झाले. राष्ट्रवादीने भालक्यांचे चिरंजीव भगीरथ यांस उभे केले. परिचारकांचे पुतणे प्रशांत यांनी उमेदवारीचा आग्रह सोडून भाजपच्या समाधान आवताडे यांच्या पाठीशी उभे राहणे पसंत केले. आणि २ मे रोजी आवताडे ३,७३३ मतांनी विजयी झाले.

आमच्या महसुली भाषेत सांगावयाचे तर एका वारसाने हक्कसोडपत्र लिहून दिले, दुसऱ्याने नाव लावण्यासाठी अर्ज केला, आणि नोंद तिसऱ्याच्याच नावे प्रमाणित झाली.

आता 'पोटनिवडणूक' हा शब्द पाहा. तलाठ्याच्या दप्तरात 'पोट' जागोजाग भेटते: पोटहिस्सा, पोटकूळ आणि पोटखराबा. पोटखराबा म्हणजे सर्व्हे नंबराच्या आतलाच, पण नांगर न चालणारा तुकडा. मूळ निवडणुकीच्या पोटी जन्मलेली ही धाकटी निवडणूकही पुष्कळांना अशीच पोटखराब्यासारखी वाटते. सरकार तिने सहसा पडत नाही की उभे राहत नाही. कायदाही तिच्याकडे थोडा हातचे राखूनच पाहतो: जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांत ती भरावी, पण मुदतीचे वर्षही उरले नसेल तर भरू नये. मार्च २०२४ मध्ये अकोला पश्चिमेची जाहीर झालेली पोटनिवडणूक नागपूर खंडपीठाने रद्द केली ती याच कलमाने. असल्या अल्प मुदतीच्या जागेसाठी उभा राहणारा माणूस काय मागतो, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे. धोरण तो मागत नाही, सत्ताही फारशी मागत नाही. गेलेल्या माणसाची अपुरी राहिलेली साले तो मागतो.

येथे मला माझ्या नोकरीतील एक प्रसंग सांगितला पाहिजे. औंढ्याकडील एका सज्जात मी तलाठी असताना एक तरुण चावडीवर आला. डोक्यावरचे केस नुकते उतरविलेले, खांद्यावर पंचा, हातात मृत्यूचा दाखला. "आप्पा गेले, नाव लावा," एवढेच तो म्हणाला. गाव नमुना ६-क, म्हणजे वारसांची नोंदवही, मी पुढे ओढली आणि विचारले, वारस किती? "मीच." आई? ती बाहेर लिंबाखाली बसली होती. बहिणी? "दोन आहेत, पण त्या दिल्या घरी आहेत." मी गावातील चार जाणत्या माणसांस बोलावून चौकशी केली आणि आईसह चारही वारसांची नावे लिहिली. तो मुलगा लबाड नव्हता. बापाच्या मागे औत त्यानेच धरले होते, आजारपणात परभणीचे हेलपाटेही त्यानेच घातले होते, आणि म्हणून दुःखाइतकीच जमीनही आपल्या एकट्याची आहे असे त्यास प्रामाणिकपणे वाटत होते. पुढे वर्षभर मी समोर दिसलो की तो मान वळवी.

मतदारसंघातही उमेदवार होणाऱ्या मुलाची चूक बहुधा हीच असते, आणि ती लोभापेक्षा शोकातूनच अधिक घडते. सरकोलीच्या भालक्यांच्या घरात जे दुःख होते ते खरेच होते. त्याची थट्टा मी कोणास करू देणार नाही. मी आपल्याकडचा मतदार असतो तर माझे बोटही कदाचित त्याच चिन्हावर गेले असते. परंतु गेलेल्या आमदाराचे वारस तीन लाखांहून अधिक होते. त्यांत विठ्ठल साखर कारखान्याच्या काट्यावर ऊस घालून बिलाची वाट पाहणारा सभासद होता, आणि आपल्या तालुक्याच्या दक्षिणेकडील पाण्यावाचूनच्या पस्तीस गावांतला, मालदांडी ज्वारीच्या कोरड्या शिवारात उभा राहून उपसा सिंचनाची कितवी तरी घोषणा ऐकणारा माणूसही होता. त्यांनी समाचाराला जाऊन डोळे पुसले असतील. मतदानाला जाताना मात्र ते आपापला हिशेब घेऊन गेले. समाचार आणि मत ही दोन निराळी कामे आहेत, हे त्यांना कळले. याला कृतघ्नता हे नाव देणे मला अन्यायाचे वाटते. शिवाय ३,७३३ म्हणजे किती? लाखाच्या वर मते तर पडलेल्या मुलासही मिळाली. कृतज्ञ माणसे तेथे लाखाने होती.

याच्या उलट आमच्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यातील देगलूर पाहा. तेथील आमदार रावसाहेब अंतापूरकर एप्रिल २०२१ मध्ये त्याच साथीत गेले. महासाथीमुळे पोटनिवडणूक लांबून ३० ऑक्टोबरला झाली, काँग्रेसने चिरंजीव जितेश यांस उभे केले, आणि ते एक्केचाळीस हजारांहून अधिक मतांनी, म्हणजे वडिलांच्या मताधिक्यालाही मागे टाकून, निवडून आले. समोर सुभाष साबणे होते. पूर्वीचे शिवसेनेचे आमदार, ऐन निवडणुकीच्या तोंडावर भाजपात गेलेले. तेव्हा आमच्या पारावर जो तो सांगत होता की पंढरपूरचे लोक निष्ठुर आणि देगलूरचे लोक मायाळू. मला हे तेव्हाही पटले नव्हते. साथ एक, साल एक, महाराष्ट्र एक; अवघ्या सहा महिन्यांत मराठी माणसाचे काळीज असे बदलत नसते. देगलूरच्या मतदारास समोरच्याने पक्ष बदललेला दिसला, तेव्हा काँग्रेसमध्ये असलेल्या अशोकराव चव्हाणांनी लावलेली ताकद दिसली, आणि त्यात मुलाविषयीची कणव मिसळली.

त्यापुढचा भाग आपण विसरलात, किंवा मजवर दया करून लिहिला नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये अशोकराव भाजपात गेले, ऑगस्टात जितेश अंतापूरकरही त्यांच्या वाटेने गेले, आणि नोव्हेंबरात त्याच देगलूरने त्यांना कमळावर निवडून दिले. ज्या काँग्रेसचा वारसा म्हणून २०२१ साली मते मागितली, तो वारसा तीन वर्षांत दुसऱ्या खात्यावर वर्ग झाला. आपल्याकडे भगीरथ भालके तेलंगणातील चंद्रशेखर रावांच्या पक्षात जाऊन, तेथून काँग्रेसच्या उमेदवारीवर पुन्हा आवताड्यांसमोर उभे राहिले आणि पुन्हा पडले. मुलांना बापाचे मतदार मिळतात किंवा मिळत नाहीत. बापाचा पक्ष मात्र दोघांनीही सांभाळला नाही. वडिलांनी, भारतनानांनीही रिडालोस आघाडी, काँग्रेस आणि राष्ट्रवादी असा प्रवास केला होता, हे न्यायाच्या दृष्टीने मी येथे नमूद करतो. तेव्हा या एका बाबतीत मुलगा बापाचा खरा वारस निघाला म्हणावे लागेल.

नामदेवरायांचा जन्म येथला म्हणतात आणि पायरी आपल्याकडच्या पंढरीची. महाद्वारातून आत जाणाऱ्या प्रत्येकाची पायधूळ लागावी म्हणून ते पायरीखाली गेले अशी श्रद्धा; त्यांच्या नावाने मला कोणास उपदेश करावयाचा नाही, कारण खुर्चीसाठी भांडणारेही अर्ज भरण्यापूर्वी तीच पायरी शिवून येतात आणि त्यांचा भाव खोटा असतो असे मी कशाच्या आधारे म्हणू?

म्हाताऱ्या उठल्या, दिंडी निघते आहे. पत्र आटोपते घेतो. आपल्या तालुक्याच्या कृतघ्नतेचा दाखला मी नामंजूर केला आहे, आणि फेरतपासणीसाठी एकच कागद हवा आहे. आपण अजून मोटारसायकल चालविता असे आपल्या सूनबाईच्या पत्रावरून समजते. तर पाऊस उघडला की एक दिवस काढून त्या पस्तीस गावांकडे जा, आणि कोणत्या शिवारात पाणी आले, कोणत्यात नुसता चर खणलेला आहे आणि कोणत्यात तोही नाही, हे स्वतः डोळ्यांनी पाहून गाववार लिहून पाठवा.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला स्नेहांकित,
एक निवृत्त मंडळ अधिकारी